तथ्यपडताळणी : दाव्याचा माग काढणारी पत्रकारिता

एखाद्या नेत्याचे विधान, सरकारी खात्याचा खुलासा, जाहिरातीतील हमी किंवा मोबाइलवरून फिरणारी चित्रफीत लोकांपर्यंत पोचल्यानंतर तिच्यातील तपासता येण्याजोगा भाग वेगळा काढणे, त्याचा मूळ पुराव्यापर्यंत माग घेणे आणि तो माग वाचकांपुढे उघडा ठेवणे, या कामाला आजच्या पत्रकारितेत तथ्यपडताळणी किंवा रूढ भाषेत फॅक्ट-चेक म्हटले जाते. पडताळणी ही पत्रकारितेला मुळीच नवी नाही. अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकात १९२३ पासून, म्हणजे अगदी आरंभापासून, मजकुरातील नावे, तारखा आणि आकडे तपासण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी असत. मात्र ती तपासणी स्वतःच्या अंकाची आणि छपाईपूर्वीची होती. दुसऱ्याच्या तोंडचे विधान प्रसिद्ध झाल्यानंतर ते तपासण्याला वाहिलेले उपक्रम फार पुढचे आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲननबर्ग केंद्राने २००३ मध्ये ‘फॅक्टचेक डॉट ऑर्ग’ सुरू केले, २००७ मध्ये फ्लोरिडातील एका दैनिकाने ‘पॉलिटिफॅक्ट’ काढले आणि दोनच वर्षांत त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. भारतात ‘फॅक्टचेकर’ आणि ‘फॅक्टली’ हे उपक्रम २०१४ च्या सुमारास उभे राहिले, त्यानंतर मुंबईचे ‘बूम’ आणि २०१७ मध्ये ‘ऑल्ट न्यूज’ या क्षेत्रात आले, आणि पाठोपाठ मोठ्या वृत्तसमूहांनीही आपापले कक्ष उघडले, ज्यांपैकी काही मराठीतूनही काम करतात.

वाचकांच्या मनात या कामाची प्रतिमा बहुधा एका शिक्क्याची असते : खरे, खोटे, दिशाभूल करणारे. ‘पॉलिटिफॅक्ट’ने तर ‘खरे’पासून ‘धादांत खोटे’पर्यंत सहा पायऱ्यांची मोजपट्टीच बनवली. या शिक्क्यांनी लोकांचे लक्ष वेधले हे खरे, परंतु त्यांनी कामाचा गाभा काहीसा झाकलाही, कारण निकाल हा पडताळणीतील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. निकालावर विश्वास ठेवायचा तर तो देणाऱ्यावर आधी विश्वास हवा. उलट, निकालापर्यंत नेणारी वाट जर पायरीपायरीने दाखवली असेल, तर देणाऱ्यावर काडीचाही विश्वास नसलेला वाचकसुद्धा त्याच वाटेने जाऊन स्वतः पाहू शकतो. पडताळणी आणि नुसता इन्कार यांतील फरक इथेच आहे.

मत तपासता येत नाही, आणि भविष्याबद्दलचे आश्वासनही तपासता येत नाही. ‘हे सरकार निष्क्रिय आहे’ हे मत आहे; ‘या सरकारच्या काळात अमुक योजनेवर एक रुपयाही खर्च झाला नाही’ हा दावा आहे. ‘आपले राज्य देशात पहिले’ हे वाक्य दाव्यासारखे दिसते, पण पहिले कशात, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या मोजणीनुसार, हे ठरल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही. म्हणून पडताळणीची पहिली पायरी कागदपत्रांकडे जात नाही, ती बोलणाऱ्याकडे जाते. तुम्ही हे कशाच्या आधारे म्हणालात, असे त्याला किंवा त्याच्या कार्यालयाला विचारले जाते, आणि उत्तर आले नाही तर तेही लेखात नोंदवले जाते. या प्रश्नाने बरेच काही उलगडते : आकडा खरा असतो पण वर्ष वेगळे असते, किंवा वर्ष बरोबर असते पण आकडा दुसऱ्याच गोष्टीचा असतो.

शेतकरी आत्महत्यांचा आकडा हे याचे उत्तम, आणि महाराष्ट्राला जवळचे, उदाहरण आहे. अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांची देशभरची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्याच्या अहवालानुसार २०१३ मध्ये शेती करणाऱ्या ११,७७२ जणांनी आत्महत्या केली, आणि २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांसमोरचा आकडा ५,६५० असा आहे. एका वर्षात आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या, असे विधान या दोन आकड्यांवर सहज बेतता येते आणि दोन्ही आकडे अधिकृत असल्याने ते खोडून काढणेही वरवर अशक्य वाटते. प्रत्यक्षात २०१४ मध्ये विभागाने वर्गवारीच बदलली होती. शेतकरी आणि शेतमजूर हे दोन रकाने वेगळे केले गेले, आणि शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० मृत्यू नोंदले गेले. दोन्ही मिळून बेरीज १२,३६० होते, म्हणजे घट तर दूरच, आकडा किंचित वाढलेला दिसतो. तथापि काळजीपूर्वक काम करणारा पत्रकार इथेही थांबत नाही, कारण जुन्या एकत्र रकान्यात पोलिसांनी कोणाला धरले होते आणि कोणाला वगळले होते याची सर्व राज्यांत एकसारखी रीत नसेल, तर वाढीचा निष्कर्षही तितकाच कच्चा ठरतो. शेवटी प्रामाणिक निष्कर्ष एवढाच उरतो की ही दोन वर्षे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

यात महाराष्ट्रापुरती आणखी एक गुंतागुंत आहे. एनसीआरबीचा आकडा पोलीस ठाण्यांतून वर जातो, तर राज्याचे महसूल खाते स्वतंत्र नोंद ठेवते, ज्यात तहसीलदाराच्या चौकशीनंतर जिल्हास्तरीय समिती एकेक प्रकरण मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. सातबारावर नाव नसलेली स्त्री किंवा दुसऱ्याची जमीन कसणारा खंडकरी एका नोंदीत शेतकरी ठरतो आणि दुसरीत ठरत नाही. त्यामुळे विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक वेगवेगळे आकडे सांगत असतील, तर त्यांपैकी एक खोटे बोलतो आहे असे गृहीत धरण्याआधी कोण कोणत्या वहीतून वाचतो आहे हे पाहावे लागते. गुन्ह्यांच्या आकड्यांचेही तेच आहे. नोंदलेले गुन्हे वाढणे म्हणजे गुन्हेगारी वाढणे नव्हे, असा इशारा एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात देते, कारण तक्रार नोंदवणे सोपे केले तरी आकडा वाढतो. शिवाय एकाच प्राथमिक माहिती अहवालात अनेक कलमे असतील तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजणीत धरला जातो. हा इशारा वर्षानुवर्षे छापला जातो आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षिला जातो. लोकसंख्येच्या प्रमाणात दर काढायचा तर २०११ च्या जनगणनेनंतरच्या वर्षांसाठी अंदाजित लोकसंख्या धरावी लागते, आणि ती कोणाच्या अंदाजाने धरली हे सांगावे लागते. कॅगचे अहवाल, रिझर्व्ह बँकेची आकडेवारी, राज्याची आर्थिक पाहणी आणि संसदेतील लेखी उत्तरे ही या पत्रकाराची रोजची हत्यारे असतात; माहिती अधिकाराचा अर्जही असतो, पण त्याच्या उत्तराला कायद्यानेच ३० दिवसांची मुदत आहे आणि अफवेला एक संध्याकाळ पुरते.

चित्रफितींचा माग काढण्याची रीत वेगळी आहे, आणि ती कुठवर जाऊ शकते हे २०१८ मधील कॅमेरूनच्या प्रकरणाने दाखवले. त्या वर्षी जुलैमध्ये एक भीषण चित्रफीत पसरली, जिच्यात सैनिकी वेशातील माणसे दोन स्त्रियांना आणि दोन लहान मुलांना रस्त्याने चालवत नेतात आणि गोळ्या घालतात. मध्य आफ्रिकेतील कॅमेरूनच्या सरकारने ही आपल्या सैन्याविरुद्ध रचलेली खोटी बातमी असल्याचे सांगितले. ‘बीबीसी आफ्रिका आय’ या चमूने फितीच्या सुरुवातीला मागे दिसणाऱ्या डोंगररांगेची आकाशरेषा घेतली, ती कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या गूगल अर्थवरील भूरूपाशी जुळवली आणि जागा कॅमेरूनच्या उत्तर टोकाकडील झेलेव्हेत गावाजवळची असल्याचे निश्चित केले. काळ ठरवण्यासाठी उपग्रहांची जुनी छायाचित्रे कामी आली : फितीत दिसणाऱ्या एका घराभोवतीची भिंत नोव्हेंबर २०१४ मध्ये बांधलेली नव्हती आणि दुसरे एक बांधकाम फेब्रुवारी २०१६ पर्यंत पाडले गेले होते, म्हणजे घटना या दोन तारखांच्या मधली. सैनिक ज्या पायवाटेने चालतात ती केवळ कोरड्या ऋतूत उमटते. उरलेले काम सावल्यांनी केले, कारण सावलीच्या दिशेवरून आणि लांबीवरून सूर्याची स्थिती काढता येते आणि त्या स्थळी सूर्य तशा स्थितीत वर्षाच्या ठरावीक दिवसांतच असतो. निष्कर्ष निघाला २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. पुढे २०२० मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा दिली.

या प्रकरणाचे महत्त्व केवळ तंत्रात नाही. तथ्यपडताळणी म्हणजे खोट्याचे पितळ उघडे पाडणे, असा समज रूढ आहे. इथे मात्र खरी गोष्ट खोटी ठरवली गेली होती आणि पडताळणीने तिला तिचे खरेपण परत दिले. ‘फेक न्यूज’ हा शब्द सत्ताधाऱ्यांच्या हाती किती सोयीचा ठरतो, हेही त्यातून कळते.

भारतात पसरणाऱ्या चित्रफितींच्या बाबतीत इतके खोल उत्खनन क्वचितच लागते, कारण इथला सर्वांत प्रचलित प्रकार बनावट चित्राचा नसून खऱ्या चित्राखालच्या खोट्या ओळीचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याआधी कित्येक आठवडे देशाच्या निरनिराळ्या भागांत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात अशी एक फीत फिरत होती. ती पाकिस्तानातील कराचीत, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवण्याचा संदेश लिहिलेला फलक दाखवतात, पण फिरणाऱ्या फितीतून नेमका तेवढाच भाग कापलेला होता. धुळे-मालेगाव भागातील संदेशांत ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांची दृश्ये होती आणि अवयव काढून घेतल्याचा मजकूर होता. ती दृश्ये ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील घौता येथे झालेल्या रासायनिक हल्ल्यातील बळींची होती.

दोन्ही गोष्टी उलगडण्याची युक्ती साधी आहे. फितीतील निवडक चौकटी स्थिर चित्रांसारख्या वेगळ्या काढायच्या आणि त्या शब्दांऐवजी चित्रावरूनच शोध घेणाऱ्या यंत्रणेत टाकायच्या, म्हणजे तेच चित्र आधी कुठे आणि कधी प्रसिद्ध झाले ते समोर येते. याला रिव्हर्स इमेज सर्च म्हणतात. सर्वांत जुनी प्रसिद्धी सापडली की दाव्यातील तारीख आणि ठिकाण बहुधा तिथेच कोसळते. फोनवरून आलेल्या चित्रातून छायाचित्राची वेळ आणि जागा सांगणारी आतली नोंद वाटेत पुसली गेलेली असते, त्यामुळे पाट्यांवरील लिपी, वाहनांचे क्रमांक, गणवेश, झाडे आणि दुकानांची नावे यांचा आधार घ्यावा लागतो. फिती खोट्या असल्याचे दाखवता आले तरी राईनपाड्यासारख्या घटनेचे सारे कारण त्यात सापडत नाही. पालावर राहणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या समाजांबद्दलचा संशय मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे, आणि फितीने त्याला केवळ निमित्त पुरवले. हा संशय खोडून काढणे कोणत्याही पडताळणी कक्षाच्या आवाक्यातले नाही. राईनपाड्याची घटना घडली त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच गप्पांपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. अफवा थांबवण्यापेक्षा तिचा वेग कमी करणे अधिक शक्य आहे, ही जाणीव त्यामागे दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या आवाजांनी मात्र माग काढण्याच्या या साऱ्या शास्त्रालाच पेचात पकडले आहे. चित्राला मागे डोंगर असतो, सावली असते, आधीची प्रसिद्धी असते. आवाजाला यांतले काहीच नसते. महाराष्ट्र विधानसभेच्या २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाच्या आदल्या रात्री राज्यातील बड्या नेत्यांच्या आवाजातील म्हणून काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या. पडताळणी करणाऱ्यांनी त्या कृत्रिम आवाज ओळखणाऱ्या साधनांवर तपासल्या आणि त्यांत बनावट आवाज असल्याचे निष्कर्ष दिले. परंतु अशी साधने बहुधा शक्यतेच्या भाषेत उत्तर देतात, गोंगाट किंवा वारंवार पुढे पाठवल्यामुळे खालावलेला दर्जा त्यांना फसवू शकतो, आणि शक्यतेची टक्केवारी वाचकाला स्वतः पडताळून पाहता येत नाही. उघड्या वाटेच्या जागी इथे एक बंद पेटी येते. मतदान काही तासांवर असताना फीत सोडण्यामागचा हिशेबही लपण्यासारखा नाही.

दुरुस्ती वाचून लोक मत बदलतात का, या प्रश्नाची उत्तरे संशोधनात वरखाली होत गेली. वारंवार कानावर पडलेले विधान केवळ ओळखीमुळे खरे वाटू लागते, हे १९७७ मध्येच मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले होते, आणि म्हणूनच मथळ्यात अफवा ठळकपणे छापून खाली बारीक अक्षरांत ती खोटी असल्याचे सांगणे हा उलटा उद्योग ठरतो. आधी खरे काय ते सांगावे, मग खोट्याचा उल्लेख करावा, असा दंडक त्यातून आला. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर या अमेरिकी अभ्यासकांनी २०१० मध्ये असे मांडले की दुरुस्ती वाचून काही लोक मूळ समजाला अधिकच घट्ट धरतात. हा निष्कर्ष इतका लोकप्रिय झाला की पडताळणी निरर्थक आहे असे सांगण्यासाठी तो आजही उद्धृत होतो. परंतु थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगांत असा उलटा परिणाम जवळजवळ आढळलाच नाही, आणि २०२१ मध्ये अर्जेंटिना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व ब्रिटन या चार देशांत दुरुस्तीमुळे चुकीचे समज कमी झाल्याचे व तो परिणाम दोन आठवड्यांनंतरही बराचसा टिकल्याचे दिसले. याच अभ्यासकांच्या आणखी एका प्रयोगाने मर्यादाही दाखवली : नेत्याचा आकडा चुकीचा आहे हे समर्थकांनी मान्य केले, पण नेत्याबद्दलची त्यांची पसंती तसूभरही हलली नाही. ज्यांना पडताळणीतून निवडणुकीचे निकाल बदलण्याची अपेक्षा असते त्यांची निराशा होते, आणि ती व्हावी हेच योग्य, कारण ते तिचे कामच नाही.

पडताळणी करणाऱ्यांची पडताळणी कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतील पॉइंटर संस्थेने २०१५ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने पुढल्या वर्षी एक आचारसंहिता केली, जिच्यात सर्व पक्षांना एकच मोजपट्टी लावणे, आधारस्रोत, पैसा आणि कार्यपद्धती उघड करणे व स्वतःच्या चुका जाहीरपणे दुरुस्त करणे अपेक्षित आहे. सदस्य संस्थांची तपासणी बाहेरचे परीक्षक करतात. पैशाचे कलम सर्वांत नाजूक आहे. फेसबुकची मालक कंपनी डिसेंबर २०१६ पासून अशा संस्थांना मोबदला देऊन काम करून घेत आली, त्यामुळे अनेक संस्थांचा डोलारा ज्या मंचावरील खोटेपणा त्या तपासतात त्याच मंचाच्या पैशांवर उभा राहिला. ७ जानेवारी २०२५ रोजी कंपनीने अमेरिकेपुरता हा कार्यक्रम गुंडाळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या परावलंबनाची किंमत स्पष्ट झाली.

सरकारनेच पडताळणी करावी, हा दुसरा पर्याय भारतात अजमावला गेला. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा पडताळणी कक्ष २०१९ पासून आहे, आणि तो इन्कार प्रसिद्ध करतो तोवर त्यात गैर काही नाही. मात्र एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्याचा अधिकार सरकारनियुक्त कक्षाला देण्यात आला, आणि असा मजकूर ठेवणाऱ्या समाजमाध्यमांचे कायदेशीर संरक्षण धोक्यात आले. विनोदकार कुणाल कामरा आणि पत्रकारांच्या संघटनांनी याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाला, मार्चमध्ये केंद्राने कक्ष अधिसूचित करताच दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि २० सप्टेंबर रोजी तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. स्वतःविषयीच्या दाव्यात सरकार हा एक पक्ष असतो, आणि पक्षकाराने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये, हे तत्त्व या वादाच्या मुळाशी होते. पत्रकाराची पडताळणी चुकली तर तिला उत्तर देता येते. सरकारी शिक्क्यानंतर मजकूरच नाहीसा होतो.

रोजच्या कामात मात्र सर्वांत अवघड अडचण वेगळीच आहे. व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणारा आणि वाचणारा यांच्याखेरीज कोणालाच दिसत नसल्याने कोणती अफवा कोणत्या तालुक्यात फिरते आहे हे पत्रकाराला बाहेरून कळत नाही. म्हणून अनेक संस्थांनी वाचकांनी संशयास्पद संदेश पाठवावेत यासाठी क्रमांक जाहीर केले आहेत, ज्यांना टिपलाइन म्हणतात. एकच अफवा शब्द बदलून शंभरदा आली तर संगणक ती ओळखून आधीचेच उत्तर पाठवतो. लेखी मराठीत हे बऱ्यापैकी जमते. पण अफवा धुळे-नंदुरबारकडे अहिराणीतील किंवा मावचीतील अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिसंदेशातून येते, आणि तिचे उत्तर बाराशे शब्दांच्या प्रमाण मराठी लेखातून, इंग्रजी दुव्यांसह जाते. म्हणून काही कक्ष आता उत्तरही तितक्याच लांबीच्या आवाजात आणि एकाच चित्रात देऊ लागले आहेत, आणि त्या चित्रावर ‘खोटे’ हा शब्द कोपऱ्यात न लिहिता मधोमध आडवा छापतात, कारण कोपरा कापून तेच चित्र पुन्हा खरे म्हणून पुढे पाठवले जाते.